हॉइट ब्रॅशियरचा डावा हात

१

हॉइट ब्रॅशियर शनिवारी सकाळी गेला, गावाच्या हॉलच्या मागच्या पायरीवर. त्याच संध्याकाळी त्याच हॉलमध्ये वसंताचा नाच होता आणि गेली कित्येक वर्षं त्या नाचाला फिडल, म्हणजे व्हायोलिन, हॉइटचीच असायची. मी पोचले तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता. टोपी मांडीवर, डोळे अर्धे उघडे, डावा हात मनगटापर्यंत सुजून जांभळा पडलेला. दंडाला त्याचाच लाल गळपट्टा करकचून आवळलेला होता. खालच्या पायरीशी एक जाडजूड रॅटलर, शेपटीने खुळखुळणारा विषारी साप, मरून पडला होता. मुंडकं फावड्याने तोडलेलं, आणि शेपटीच्या खुळखुळ्यावर हिरव्या रंगाचा ठिपका.

तो ठिपका दिसला आणि जमलेल्या माणसांचे चेहरेच बदलले.

"कोरालीची डचेस," बक लँगफर्ड म्हणाला. "सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ऐकलंत कोणी?"

माझं नाव व्हर्लीन टॅकेट. जन्मभर शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर गावाने मला जस्टिस ऑफ द पीस म्हणून निवडून दिलं. टेक्ससच्या आमच्या या पश्चिम कोपऱ्यात कोणी अचानक गेलं की तो कसा गेला हे ठरवून सही करायचं काम माझं. लोक मला तोंडावर जज म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

"जज, यात बघायचं काय राहिलंय?" शेरीफ ओडम म्हणाला. "पोरीला मी गाडीत बसवलंय. तुम्ही लिहून दिलंत की घेऊन जातो."

कोराली ही हॉइटची नात. लोकांच्या गॅरेजमधून, कोंबड्यांच्या खुराड्यातून साप उचलायचा आणि दूर नेऊन सोडायचा, हा तिचा उद्योग. सोडण्याआधी खुळखुळ्यावर रंगाचा ठिपका लावायची, म्हणजे पुन्हा भेटला की ओळख पटावी. डचेस मात्र स्वतःच येऊन हॉलच्या मागच्या पायरीखाली राहिली होती. कोरालीने हॉलच्या कमिटीला गळ घातली, राहू द्या तिला, कोठीतले उंदीर खाते, तुम्ही फक्त पुढच्या दाराने जा-ये करा आणि मागचा लाकडांचा ढीग हलवा. कमिटीने मानलं. त्यानंतर डचेसने कुणाला त्रास दिला नव्हता. आता हॉइट मेला होता, आणि माणसांची जागा असताना तिथे जाणूनबुजून विषारी साप ठेवला आणि त्यात जीव गेला, असं मी लिहून दिलं तर कोरालीला तुरुंग चुकत नव्हता.

"मुंडक्यापासून लांब राहा," मी सगळ्यांना सांगितलं. तुटलेलं मुंडकंही बराच वेळ चावतं. हे सांगायची गरज नव्हती खरी, पण बसमधल्या पोरांना सांगून सांगून सवय लागलेली.

मी गुडघ्यांवर बसले. दोन काड्यांनी डचेसचा जबडा उघडला आणि दोन सुळ्यांमधल्या अंतराएवढी एक काडी मोडली. मग हॉइटचा हात हळूच वळवला. चावा पहिल्या बोटाच्या टोकाशी होता. दोन बारीक टिपके, इतके जवळजवळ की माझ्या करंगळीच्या नखाखाली दोन्ही झाकले गेले. मोडलेली काडी तिथे धरली तर ती बोटाच्या बाहेर गेली.

मी पुन्हा धरून पाहिली. मग ओडमला खाली वाकायला लावलं.

"हा साप त्याला चावलेला नाही," मी म्हणाले.

२

ओडमला ते पटलं नाही. तो लहानपणी माझ्या बसमध्ये मागच्या बाकावर बसून उलट्या करायचा, आणि न पटलेल्या गोष्टीला अजूनही तसाच चेहरा करतो.

"एकच सुळा लागला असेल, दुसरा ओरखडा असेल. साप काय मोजून चावतो का?"

"नसेल मोजत. पण मी संध्याकाळपर्यंत सही करणार नाही. तोवर पोरीला पाणी दे आणि गाडीची काच खाली घे."

हॉइट सापडला तो ऑर्व्हल स्टिग्लरला. ऑर्व्हल त्याचा गिटारवाला. दोघं मिसरूड फुटल्यापासून एकत्र वाजवायचे. हॉलमध्ये पुढे मंचावर दोन खुर्च्या, एकीवर हॉइट, दुसरीवर ऑर्व्हल, आणि ऑर्व्हलच्या पायाखाली एक फळी. पातळ तळव्याचे बूट घालून तो त्या फळीवर ताल धरायचा. नाचणारे त्याच्या पायाकडे बघूनच पाऊल टाकायचे.

तो आपल्या ट्रकच्या फळक्यावर बसला होता. दोन्ही हातांत कॉफीचा पेला धरलेला. संधिवाताने त्याची बोटं गेल्या काही वर्षांत मुळ्यांसारखी वाकडी झाली होती, एका हाताने त्याला पेला पेलत नव्हता. बूट मात्र आज जाड होते आणि पिंढऱ्यांना गुडघ्यापर्यंत चामड्याची नळकांडी चढवलेली. झुडपात गुरं शोधायला जाताना आम्ही सापांपासून बचावाला घालतो तसली.

"ऑर्व्हल, सगळं सांग. सावकाश सांग."

"काय सांगू, व्हर्लीन? तालमीला आलो. पुढून हाका मारल्या, ओ नाही. मागे आलो तर हा असा. गेलेला. गार नव्हता, पण गेलेला. पायाशी ती. मी फावडं घेतलं आणि..." त्याने कॉफीत पाहिलं. "माझं डोकंच फिरलं."

"तू आलास तेव्हा तो बोलला काही?"

"मेलेलं माणूस बोलतं का?"

"गळपट्टा कुणी बांधला?"

"त्यानेच बांधला असणार. चावल्यावर माणूस काय करणार? आपले बाप तेच करायचे."

"खरं आहे," मी म्हणाले. आमच्या बापांनी बांधलं, कापलं, चोखलं, वर व्हिस्की पाजली, आणि जे जगले ते आपल्या नशिबाने जगले.

मी परत हॉइटपाशी गेले. त्याला न्यायला गाडी यायची होती. गळपट्ट्याची गाठ दंडाच्या मागच्या बाजूला, पार काखेजवळ होती. नीट, दुहेरी, दोन्ही टोकं सारखी ओढलेली. मी माझा उजवा हात माझ्याच डाव्या दंडामागे नेऊन पाहिला. मग दात तिथवर पोचतात का तेही पाहिलं. ओडम माझ्याकडे बघत राहिला.

"जज, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मला अजिबात बरं वाटत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या दंडाला कोणी गळपट्टा बांधत नाही, आणि ही गाठ हॉइटला स्वतःला बांधता आली नसती. म्हणजे हॉइट जिवंत असताना त्याच्याजवळ कोणीतरी होतं, आणि तो माणूस आता गप्प होता.

३

हॉलमध्ये बायकांनी पताका लावायला घेतल्या होत्या आणि आता त्या तशाच अर्धवट सोडून कोपऱ्यात बसल्या होत्या. नाच रद्द, पण संध्याकाळी लोक हॉइटसाठी जमणार, खुर्च्या मांडायच्याच होत्या. मी मंचावर चढले.

हॉइटची फिडलची पेटी त्याच्या खुर्चीशेजारी स्टुलावर होती. कड्या लावलेल्या. फिडल वाजवायचा गज मात्र खाली जमिनीवर पडला होता, खुर्चीच्या पायाशी. मी तो उचलला. केस ताणलेले, पण त्यांना घासायची राळ नव्याने लावलेली नव्हती. हॉइटसारखा माणूस जमिनीवर गज टाकून सापाशेजारी पायरीवर बसायला जाईल, हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तो गज कुणाला हातसुद्धा लावू द्यायचा नाही.

पेटी उचलली तर आत खुळखुळ असा कोरडा आवाज झाला. मी दचकले नाही. आमच्याकडचे जुने फिडलवाले सापाचा खुळखुळा फिडलच्या पोटात टाकून ठेवतात. सूर गोड होतो म्हणतात, ओल धरत नाही म्हणतात. हॉइटच्या फिडलमध्ये त्याच्या बापाने टाकलेला होता. पेटी हलली की वाजायचाच.

मी कड्या काढल्या, पण झाकण गजाच्या टोकाने उचललं. आत फिडल होती. पेटीच्या टोकाला राळ ठेवायचा छोटा खण असतो, त्याचं झाकण उघडं होतं. आत राळेचा खडा होता आणि एक रिकामी जागा.

"काय शोधतेस?" बक लँगफर्ड खाली उभा होता.

बक हा वार्षिक साप-मेळ्याचा कर्ता. दर वसंतात कपारींत पेट्रोलची वाफ सोडून साप बाहेर काढायचे, पिंपात भरायचे आणि तिकीट लावून दाखवायचे. गावातली सर्वांत मोठी कपार हॉइटच्या कुरणात आहे. यंदा हॉइटने नातीच्या सांगण्यावरून कुरणाच्या फाटकाला कुलूप घातलं. बक चिडलेला होता आणि ते त्याने कुणापासून लपवलं नव्हतं.

"बक, तुझ्या पिंपांमध्ये आता साप आहेत?"

"आहेत ना. मेळा पुढच्या आठवड्यात. का? मी एक आणून हॉइटच्या मांडीवर ठेवला असं म्हणायचंय?"

"ठेवलास का?"

"व्हर्लीन, त्याच्याशी मी भांडलो. आणखी दहा वर्षं भांडलो असतो. ते फाटक तोडलं असतं कदाचित. पण साप?" त्याने डावा हात वर केला. दोन बोटं नव्हती. "मी पंधरा वर्षांचा होतो, साप चावला. बापाने मनगट बांधलं आणि मग गुरं बांधून येतो म्हणून गेला. विषाने नाही गेली ही. त्या दोरीने गेली. हे मी माझ्या शत्रूलाही करणार नाही."

बकचं तोंड खराब आहे, पण त्या हाताबद्दल तो खोटं बोलत नाही.

"तुझं पिंप कोणी उघडलं होतं का?"

"कुलूप कशाला घालू? सापाच्या पिंपात कोण हात घालणार? गावातलं कोणीही येऊन बघून जातं. ऑर्व्हल आला होता, पाद्री आला होता, तुझा भाचासुद्धा आला होता." मग तो जरा घुटमळला. "एक सांगू? कमिटीला यंदा नवा गिटारवाला हवा होता. ऑर्व्हलच्या बोटांनी आता काही होत नाही, नाचणारे कुरकुर करतात. मीच एका पोराला हॉइटच्या घरी पाठवला. ऑर्व्हलने त्याला हॉइटच्या दारात गिटार घेऊन उभं पाहिलं. हॉइटने काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही, त्याने मला पत्ताच लागू दिला नाही."

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होते. हॉइटचा कागद त्यांनी काढून पाहिला होता. तरुणपणी त्याला एकदा साप चावला होता, महिन्याभरात हात बरा होऊन तो वाजवायला लागला होता. "दुसऱ्यांदा शरीर तसं वागतंच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी ते विष ओळखतं आणि सगळं एकदम बिघडतं. श्वास अडकतो. पण व्हर्लीन, लगेच आणलं असतं तर माझ्याकडे औषध होतं."

खाली बायका खुर्च्या मांडायला लागल्या होत्या. कुणाची तरी लहान मुलगी मंचाच्या कडेला पाय सोडून बसली होती.

४

कोराली गाडीत मागे बसली होती. रडून झालेलं होतं. तिला बघून मला राग आला, पण नेमका कुणाचा ते सांगता येईना.

"मिस व्हर्लीन, पॉपॉला बांधलं कुणी?" हा तिचा पहिला प्रश्न.

"तू नाहीस ना?"

"मी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "शाळेत, चर्चमध्ये, म्हाताऱ्यांच्या बैठकीत, तोंडाला फेस येईपर्यंत सांगते मी. बांधू नका, कापू नका, बर्फ लावू नका. अंगठी काढा, गप्प बसा, फोन करा आणि निघा. आणि मीच माझ्या आजोबाला बांधीन?"

"मला माहीत आहे गं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

ओडम पुढच्या सीटवर होता. तो कान देऊन ऐकत होता.

"आणि पॉपॉ न बघता हात घालणारा नव्हता," कोराली म्हणाली. "बूट झटकल्याशिवाय घालायचा नाही. लाकूड काठीने उलटायचा. पायरीवर बसताना खाली बघायचा, कारण डचेस कुठे असते ते त्याला ठाऊक होतं. त्याला आवाज आला असता. तो आवाज आला की इथला कुठलाही माणूस जागीच थिजतो. झोपेतसुद्धा थिजतो."

ती हे बोलली आणि माझ्या हातात अजून ती पेटी असल्यासारखं मला वाटलं. मी ती उचलली तेव्हा आवाज आला होता. आणि मी थिजले नव्हते.

"कोराली, चावा बोटाच्या टोकावर आहे. खुणा अगदी जवळजवळ. किती मोठा साप?"

मी तिला मोडलेली काडी दाखवली आणि खुणांचं अंतर नखावर दाखवलं. तिने डोळे मिटून घेतले.

"पोर आहे. गेल्या वर्षी जन्मलेलं. हातभरसुद्धा नसेल."

"त्याचा आवाज?"

"नीट वाजत नाही अजून. शेंग हलवल्यासारखा. जवळ कान नेला तर ऐकू येतो." मग ती ताठ झाली. "मिस व्हर्लीन, तो मारलेला सापडलाय का?"

"नाही. फक्त डचेस सापडली."

"मग तो कुठे आहे?"

मी हॉलच्या दाराकडे पाहिलं. मंचाच्या कडेला बसलेल्या त्या मुलीचे पाय मला तिथूनही दिसत होते.

५

माझा आवाज अजूनही बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. हॉल रिकामा झाला. बायका पोरांना काखोटीला मारून बाहेर गेल्या, कुणी प्रश्न विचारला नाही. ओडमने कोरालीला गाडीतून उतरवलं आणि तिचा साप उचलायचा आकडा आणि झाकणाची बादली तिच्या हातात दिली. हे त्याने आपणहून केलं, हे मी त्याच्या नावावर लिहून ठेवलंय.

मी आत बकला बोलावलं आणि ऑर्व्हलला बोलावलं. ऑर्व्हल दारातच थांबला.

"आत ये, ऑर्व्हल. मला तुझी मदत हवीय. त्या पेटीत राळेचा खडा आहे, तेवढा आणून दे."

"तूच आण ना. मंचावर तूच गेली होतीस."

"माझे गुडघे दुखतात. मंच तुझाच आहे, जन्म गेला तुझा तिथे. जा, बस तुझ्या खुर्चीवर."

तो हलला नाही. बाहेर कोणीतरी ट्रकचं दार लावलं. कोराली मंचाच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसून फळ्यांखाली बॅटरीचा झोत फिरवत होती.

"मग मी सांगते," मी म्हणाले. "हॉइट तालमीला आला. पेटी उघडली, गज काढला, केस ताणले. गज उजव्या हातात, राळ घ्यायला डावा हात खणात, आणि खणात ते सापाचं पोर ठेवलेलं. पेटी हलवताना खुळखुळ झाली असणार. सबंध जगात एकच जागा अशी होती जिथे तो आवाज ऐकूनही हॉइटला भीती वाटली नसती. आपल्या बापाने ठेवलेला खुळखुळा वाजला असंच त्याला वाटलं असणार. ती सवय कुणाला माहीत असेल? ज्याच्या कानाशी ती फिडल आयुष्यभर वाजली, त्याला."

"गावात सगळ्यांना माहीत आहे," ऑर्व्हल म्हणाला.

"बरोबर. म्हणून मी गाठीकडे आले. ती गाठ हॉइटला बांधता आली नसती, ती मागे आहे. आणि मेलेल्याला कोणी बांधत नाही. म्हणजे तो जिवंत असताना कोणीतरी शेजारी होतं. कोराली बांधणार नाही, तिचं डोकं फिरलं तरी बांधणार नाही. बक बांधणार नाही, त्याचा हात बघ. तू म्हणालास, आपले बाप तेच करायचे. आणि तूच म्हणालास, तू आलास तेव्हा तो गेलेला होता. हॉलमध्ये आलास तो सापाची नळकांडी चढवून. तुझ्या फळीवर ताल धरायला ती कशाला लागतात, ऑर्व्हल?"

बक हळूच त्याच्यापासून लांब सरकला.

"डचेस पायरीखाली होती, सगळ्यांना ठाऊक," मी म्हणाले. "तू हॉइटला ओढत मागे नेलंस, डचेसला मारलंस, पेटी बंद केलीस. गज राहून गेला. आणि ते सापाचं पोर निसटलं, ते तुला सापडलं नाही. म्हणून तू मंचावर चढत नाहीस. आणि आज संध्याकाळी अख्खं गाव इथे बसणार होतं, हे माहीत असून तू कुणाला सांगितलं नाहीस."

"सापडलं," कोराली म्हणाली.

तिने आकड्याने ते अलगद बाहेर ओढलं. ऑर्व्हलच्या ताल धरायच्या फळीखाली वेटोळं घालून बसलं होतं. करड्या रंगाचं, माझ्या बोटाएवढं जाड, शेपटी थरथरवत होतं आणि आवाज इतका बारीक की आम्ही सगळे श्वास धरून उभे होतो तेव्हाच ऐकू आला. कोरालीने ते बादलीत सोडलं आणि झाकण घट्ट लावलं. मग ती उभी राहिली आणि पहिल्यांदा ऑर्व्हलकडे वळली.

"अंकल ऑर्व्हल?" एवढंच म्हणाली.

ऑर्व्हल जवळच्या खुर्चीवर बसला. त्याचे हात मांडीवर होते, आणि तो त्यांच्याकडेच बघून बोलला.

"लहानच घेतला. मुद्दाम लहान घेतला बकच्या पिंपातून, चिमट्याने. त्याला मागे चावला होता तेव्हा काय झालं होतं? हात सुजला, उतरला. मला वाटलं या वयात बोटं धरतील. माझ्यासारखी. मग तो काय करणार होता नवा गिटारवाला घेऊन? दोघं बरोबरीने घरी बसलो असतो." त्याने मूठ मिटून पाहिली, मिटली नाही. "माझ्याच वयाचा, व्हर्लीन. आणि त्याची बोटं बघितलीस? विशीतल्या पोरासारखी पळायची."

"तो काय म्हणाला?" कोरालीने विचारलं. "तुम्ही बांधलंत तेव्हा?"

"दवाखान्यात ने म्हणाला."

"आणि?"

"मी म्हटलं आधी बांधू दे, मग नेतो. त्याने हात पुढे केला माझ्याकडे. ट्रक दाराशीच होता. पण तिथे विचारलं असतं, कुठे चावला, कसा चावला. मी विचार करत होतो. आणि तो एकदम... मला वाटलं वेळ आहे. मागच्या वेळी दिवस गेले होते सुजायला. मला शपथ, वाटलं वेळ आहे."

ओडमने कंबरेच्या बेड्या काढल्या, पण त्या वाकड्या बोटांकडे पाहून जरा थांबला. मग घातल्या.

६

दुपारी हॉइटला नेलं. मी खून असं लिहिलं. वकील त्यावर काय घासाघीस करतील ती करोत, मला जे दिसलं ते मी लिहिलं. बकने डचेसला स्वतः फावड्याने खड्डा खणून पुरलं, मुंडकं आधी, खोल. त्याने कोरालीची माफी मागितली नाही, पण सापाचं पोर सोडायला तिला कपारीपर्यंत गाडीतून नेऊ का असं विचारलं. ती नको म्हणाली. मला चालत जायचंय, म्हणाली.

निघताना मी तिला बादलीपाशी गाठलं.

"एक राहिलं. तो गिटारवाला पोरगा तुमच्याकडे आला होता, त्याला हॉइटने काय सांगितलं?"

कोरालीने बादलीचा दांडा या हातातून त्या हातात घेतला.

"दारातूनच परत पाठवला. म्हणाला, ऑर्व्हल जोवर त्या खुर्चीवर बसतो तोवर मी बसणार. त्याची बोटं चालली नाहीत तरी पाय चालतो, मला तेवढं पुरे. आणि तो उठला की मीही उठणार." तिने बादली खाली ठेवली. "ऑर्व्हलला सांगणार होता तो. आज, तालमीच्या वेळी."

मी वाकून बादली उचलली आणि तिच्या हातात दिली.

"मिस व्हर्लीन, त्याला सांगू नका हे," ती म्हणाली. "काय उपयोग आता? आहे तेवढं ओझं त्याला पुरे."

ती चांगली मुलगी आहे. तिच्या आजोबाकडून तिने ते घेतलंय. मी मान हलवली नाही आणि वचनही दिलं नाही. ती कुरणाच्या वाटेने बरीच लांब जाईपर्यंत मी थांबले, मग शेरीफच्या गाडीपाशी गेले. ऑर्व्हल मागे बसला होता. मी खिडकीशी वाकले आणि हॉइटने त्या गिटारवाल्या पोराला जे सांगितलं ते शब्द न् शब्द त्याला सांगितलं.

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्या बाहीला धरायला बेड्यांतले हात पुढे केले.

"पुन्हा सांग, व्हर्लीन," तो म्हणाला. "तो पाय चालतो म्हणाला, ते. पुन्हा एकदा सांग."

मी पुन्हा सांगितलं नाही. ओडमला गाडी काढायला सांगितली.